अक्काच्या घरचा पुरवठा

शेजारच्या गच्चीवर आज सकाळपासून कुरडयांचा चीक शिजतोय. भिजून आंबलेल्या गव्हाचा तो वास जिन्यावरून खाली उतरतो, खिडकीच्या जाळीतून आत येतो आणि थेट चहाच्या कपात जाऊन बसतो. लोकांना या वासानं आजोळ आठवतं, सुट्ट्या आठवतात, गरम चिकावर तेल-चटणी घालून चाटूनपुसून खाल्लेली ताटली आठवते. मला माझे दाजी आठवतात आणि डोकं तापतं. सिडकोतल्या या घरात पंखा गरगर फिरत असतो, बाहेर वैशाखाचं ऊन भिंतींना टेकून उभं असतं, आणि मी, सुट्टी लागलेली शाळेतली मराठीची बाई, हातातलं काम टाकून एका माणसावर मनातल्या मनात खेकसत बसते. हे दर वर्षीचं आहे. वाळवणाचा हंगाम हा माझा खेकसण्याचा हंगाम.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मनोहरराव. बहीण म्हणजे अक्का. आमची आई दिवसभर शिवणयंत्रावर असायची, त्यामुळं मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेच्या दारापर्यंत ओढत नेणं हे सगळं अक्काकडं होतं. तिच्या तळहाताला तेव्हाही घट्टे होते. तिचं लग्न झालं आणि ती पडेगावला गेली, दौलताबादच्या रस्त्याला. दोन खोल्या, वर मोकळी गच्ची, दारात एक शेवग्याचं झाड. दाजी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला होते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. सगळं कसं रांगेला लागलेलं होतं.

आम्ही पणज्यापासूनचे ख्रिस्ती. पण आमच्या घरातला विश्वास आवाज करणारा नव्हता. रविवारी उपासना, पेटी आणि ढोलकीवर गीतं, जेवणाआधी डोळे मिटून दोन शब्द. रोजच्या भाकरीची विनंती आम्हीही करायचो. आजोबा तर ती रोज पहाटे करायचे, पण आमेन म्हणता म्हणता त्यांचा एक हात धोतराचा काचा मारत असायचा. देवानं भाकर द्यायची आणि आपण ती आणायला जायचं, असा तो साधा करार होता. त्याबद्दल कुणी प्रवचन दिलेलं मला आठवत नाही. ते हवेतच होतं, तव्यावरच्या वाफेसारखं.

मग पडेगावात तो पास्टर आला. कुठून आला कुणालाच धड माहीत नव्हतं. भाड्यानं घेतलेली एक पत्र्याची शेड, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, एक कीबोर्ड आणि पांढरेशुभ्र बूट. पडेगावच्या धुळीत ते बूट पांढरे कसे राहतात, हा त्याचा एकमेव चमत्कार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच इंग्रजी असं तो बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी लोकांकडून हालेलूया वसूल करायचा. त्याचा आवडता विषय होता विश्वासाचं जीवन. पगारावर जगतो तो पगाराचा गुलाम. खरा विश्वासू माणूस हात रिकामे ठेवतो, म्हणजे देवाला ते भरता येतात. तो स्वतः असंच जगत होता, हे खोटं नाही. विश्वास त्याचा आणि पोळ्या दुसऱ्याच्या, एवढंच.

दाजींना हे का पटलं, ते मला कळतं. कंपनीत त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांचा साहेब झाला होता आणि चारचौघांत त्यांना एकेरी बोलला होता. माणूस आतून सोलवटून निघाला होता. अशा माणसाला कुणी म्हटलं की तू गुलामी सोड, तुझा मालक आकाशात आहे, तर त्याला ते गोड लागणारच. इथवर मला त्यांची कीव येते. इथून पुढं येत नाही.

ईस्टरचा दिवस होता. अक्कानं मटण केलं होतं, मी आणि माझे मिस्टर जेवायला गेलो होतो. दाजी नळी चोखता चोखता म्हणाले, "कंपनी सोडली मी."

अक्काच्या हातात भाकरीचा उंडा होता. ती म्हणाली, "कधी?"

"परवाच राजीनामा दिला. आता आपला मालक एकच."

अक्का उंडा थापत राहिली. मग तिनं विचारलं, "आन गॅस?"

"काय गॅस?"

"गॅस संपत आलाय म्हणते मी."

दाजी हसले. लहान मुलानं काही वेडंवाकडं विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसं. "देव पुरवील," ते म्हणाले आणि त्यांनी ताट रश्श्यासाठी पुढं केलं.

मोठमोठ्या ग्रंथांत नसेल इतका खरा प्रश्न माझ्या बहिणीनं त्या दिवशी विचारला होता, आणि त्याचं उत्तर म्हणून तिच्यापुढं एक रिकामं ताट आलं.

त्या उन्हाळ्यात 'पुरवठा' हा शब्द मी इतका ऐकला की शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो दिसला तरी मी पान उलटायचे. दाजी सकाळी उठायचे, आंघोळ करायचे, पांढरा शर्ट घालायचे आणि पंख्याखाली पवित्र शास्त्र घेऊन बसायचे. अक्का त्यांच्याही आधी उठायची. तिनं कुरडया, पापड, शेवया करून द्यायला सुरुवात केली होती. तिच्या हाताला चव होती, हे जवळच्या छावणी भागातल्या बायकांना माहीत होतं, आणि मी सिडकोत चार जणींना सांगितलं. गहू भिजत घालायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, वाटायचा, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, मग पहाटे मोठ्या पातेल्यात रटरटत्या पाण्यात तो ओतून घोटायचा. घोटताना हात थांबला की गाठी. चीक काचेसारखा झाला की गरम गरमच सोऱ्यात भरायचा आणि उन्हाच्या आत गच्चीवर पोचायचं. गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या असायच्या, चार कोपऱ्यांना चार विटा. पांढऱ्या जाळीदार चकत्यांच्या रांगा साडीवरच्या फिकट फुलांवर पडत जायच्या. इतकं सुंदर दिसायचं ते, आणि इतका राग यायचा.

एक सकाळ तर मी विसरूच शकत नाही. मी शनिवारी गेले होते, त्या काळात दर शनिवारी जायचे. खाली दाजींकडं पाच-सहा माणसं जमली होती आणि दाजी त्यांना आकाशातल्या पाखरांवरचा तो सुप्रसिद्ध उतारा समजावून सांगत होते. पाखरांना कुठं चिंता असते, पाखरांना कुठं कोठार असतं. आवाज चांगला होता त्यांचा, खर्जातला. मी जिना चढून वर गेले, तर अक्का भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात शेवग्याची फांदी घेऊन हाऽऽड हाऽऽड करत गच्चीभर पळत होती. चिमण्या आणि साळुंक्या कुरडयांवर तुटून पडत होत्या. खालून दाजींचा आवाज येत होता की देव पाखरांना चारतो. कुठून चारतो, ते वर आल्याशिवाय दिसत नव्हतं.

मी अक्काला म्हटलं, "ऐकतीस का खाली काय चाललंय?"

"ऐकते की," ती धापा टाकत म्हणाली. "खोटं नाय काई त्यात. तू त्या कोपऱ्यात उभी राहा सुमन, तिकडून लई येतेत."

मी उभी राहिले. काय करणार?

दुसऱ्या एका शनिवारी मी तूरडाळ, तांदूळ आणि शेंगदाणे घेऊन गेले. पिशव्यांनी बोटं कापली होती. दाजींनी दार उघडलं, पिशव्यांकडं पाहिलं, त्यांच्यावर दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि भरल्या आवाजात देवाचे आभार मानले. मी समोर उभी. घाम गळतोय. आमेन झाल्यावर त्यांनी पिशव्या उचलून आत नेल्या. मला "ये" सुद्धा म्हणाले नाहीत. मी त्यांच्या हिशेबात माणूस नव्हतेच. मी बायबलातला कावळा होते, उपाशी संदेष्ट्यापुढं चोचीतून भाकर आणून टाकणारा. आता कावळ्याला कुणी पाणी विचारतं का?

पाणी म्हटलं की संगीताबाईंची आठवण होते. या शहरात उन्हाळा म्हणजे नळाची वाट पाहणं. आठवड्यातून एकदा नळ यायचा, कधी त्याहूनही उशिरा, आणि ज्या दिवशी यायचा तो दिवस सणाचा. अक्काच्या शेजारी संगीताबाईंचं घर होतं. बौद्ध कुटुंब, नवरा टेम्पो चालवायचा, दारात स्वतःची बोअर. अंगानं आडव्या, आवाज खणखणीत. दाजींनी "प्रेज द लॉर्ड" म्हटलं की त्या तितक्याच जोरात "जय भीम" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. कुरडयांना पाणी किती लागतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी अक्काला कधी विचारलं नाही, ती कधी मागायलाही गेली नाही. बोअरची मोटर चालू झाली की त्या पाइप भिंतीवरून पलीकडं टाकायच्या आणि ओरडायच्या, "अक्का, ड्रम लाव!"

अशाच एका आठवड्यात शेडमध्ये साक्षींची सभा झाली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची. अक्कानं आग्रह केला म्हणून मी गेले, आणि संगीताबाईही आल्या, कारण अक्कानं त्यांनाही बोलावलं होतं. दाजी माइकपुढं उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरी पाण्याचा थेंब नव्हता, मी गुडघ्यावर गेलो, आणि प्रभूनं एका अविश्वासी बाईचं मन हलवलं. शेड दुमदुमली. हालेलूया. कीबोर्डवाल्यानं एक सूर दाबून धरला. पास्टरनं डोळे मिटून मान डोलावली.

संगीताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच नाही, चांगल्या आवाजात म्हणाल्या, "माझं मन कुणी हलवलं नाय बाई. मी पाइप हलवला."

मागच्या दोन बायका फस्सकन हसल्या. मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. एका वाक्याचं तेवढं एकच.

आमच्या जुन्या चर्चबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल मला फक्त पांढऱ्या बुटांचा राग आहे. तिथली प्रतिष्ठित मंडळी होती, टाय लावणारी. मी त्यांच्यापैकी दोघांना भेटून सांगितलं की माझ्या बहिणीच्या घरी असं असं चाललंय, दाजींशी कुणीतरी बोला. त्यांनी ऐकून घेतलं, च् च् केलं आणि म्हणाले, आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवू. ठेवलीही असेल. आठवण ठेवायला कुठं पडेगावपर्यंत जावं लागतं? दाजी निदान मूर्खपणानं तरी देवाच्या अंगावर ओझं टाकत होते. हे लोक शहाणपणानं टाकत होते.

दिवस चढत गेले. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी. अक्का वाळत चालली होती, कुरडयांसारखीच, रोज थोडी थोडी. तिला रक्तदाबाचा त्रास होता, रोज सकाळी गोळी होती. तिच्या पापड-कुरडयांच्या कमाईतून दाजी आधी पास्टरचा दशमांश काढायचे, मग उरेल त्यात किराणा, मग उरलं तर बाकीचं. गोळ्या बाकीच्यांत होत्या. त्या संपल्या. तिनं दाजींना सांगितलं. दाजींनी त्या प्रार्थनेच्या विषयांमध्ये घातल्या. मेडिकलचं दुकान त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. देवाला मारलेली हाक त्या दुकानावरूनच पुढं गेली असणार.

तिनं मला काही सांगितलं नाही. मी विचारलं की "काय गं, चेहरा असा का?" तर म्हणायची, "ऊन लई हाय."

ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी दाजी आणि पास्टर एका अधिवेशनाला वेरूळकडं गेले होते. अक्का एकटीच गच्चीवर कुरडया उलटत होती. संगीताबाई आपल्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी नंतर मला सांगितलं, "मी म्हटलं अक्का, सावलीला ये गं जरा. ती व्हय म्हणाली, आन तशीच खाली बसली. बसली ती आडवीच झाली." दोन गच्च्यांमधली ती कंबरेएवढी भिंत त्या बाईनं साडी खोचून ओलांडली. अक्काला पाठुंगळी घेऊन जिना उतरवला. रस्त्यावर सलीमभाईंची रिक्षा होती. त्यात शाळेची पोरं बसायची, पण सुट्टीत ती रिकामीच असायची. "क्या हुआ जी आपा को? बैठो, बैठो, पहले बैठो," असं म्हणत त्यांनी रिक्षा सरकारी दवाखान्याकडं घातली. संगीताबाईंनी मला रिक्षातूनच फोन केला.

मी पोचले तेव्हा अक्का कॉटवर होती, हाताला सलाईन. तोंड किंचित वाकडं झालं होतं, डाव्या हातात जोर नव्हता. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या. त्यांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हणाले, बंद नाहीत, रोज घेते. अक्कानं डोळे मिटून घेतले. तेव्हा मला कळलं.

त्या संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसले होते आणि मला देवाचा नाही, माणसांचा किळस आला होता. देवाचं नाव घेऊन जी माणसं आपल्या हातांना सुट्टी देतात, त्यांचा. पुरवठा, पुरवठा म्हणतात ते काय असतं? कुणाचा तरी घाम असतो, फक्त त्यावरचं नाव खोडलेलं असतं. नाव खोडण्याच्या या कामाला दाजी विश्वास म्हणत होते. नशिबानं झटका हलका होता. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत, हात सुधारेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीताबाईंनी अक्कासाठी डबा केला. मऊ भात, वरण, दोडक्याची पातळ भाजी. दाजी रात्री उशिरा वेरूळहून परतले होते, त्यांच्या हातात तो दिला आणि सांगितलं, लगेच घेऊन जा, गरम आहे. अक्का वाट बघत होती. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी दुपार कलल्यावर दाजी आले, सोबत पास्टर. दोघांचेही हात रिकामे.

अक्का आता बरं बोलू लागली होती, शब्द जरा जड येत होते एवढंच. तिनं विचारलं, "संगीताबाईनं डबा दिला होता म्हने?"

दाजी चुळबुळले. "दिला होता. पण निघता निघता पास्टर आले घरी. चालत आले होते, ऊन होतं. म्हटलं दोन दोन घास..."

पास्टर पुढं झाला. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, हेच मला अजून पचलेलं नाही. तो प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "सिस्टर, सकाळपासून पोटात काही नव्हतं. दारात पाय ठेवला आणि ताट तयार! प्रभू अगदी वेळेवर पुरवतो बघा."

मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते मला माहीत नाही, पण ते वॉर्डात बोलण्यासारखं नक्कीच नव्हतं. अक्कानं उजव्या हातानं माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं.

"लई चांगलं झालं," ती पास्टरला म्हणाली. "पोट भरलं ना नीट?"

"हो, हो. हालेलूया."

"मग आता अंगात जोर आला असंल. आज नळाचा वार हाय. संगीताबाईनं उन्हाळाभर आमाला पाणी दिलं, तिच्या घरात भरायला कुणी नाय आज, ती माझ्यापायी इथं खेटे घालतीये. तुमी दोघं जा, तिचे पिण्याच्या पाण्याचे ड्रम भरा. मग आमचे भरा. आन माझा गहू भिजलेला हाय मोरीत, त्याचं पाणी बदला. आज नाय बदललं तर नासंल."

पास्टरनं माझ्याकडं पाहिलं, जणू काही मी दुभाषी होते. मग म्हणाला, "सिस्टर, मी तुमच्यासाठी प्रार्थना करायला आलो होतो."

"करा की. पाणी भरता भरता करा. देवाला ऐकू येतं."

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. पास्टरनं घड्याळ पाहिलं. त्याला एकदम आठवलं की वाळूजला त्याची एक सभा आहे, लोक ताटकळले असतील. त्यानं दारातूनच एक हात वर करून आशीर्वाद दिला आणि ते पांढरे बूट जिन्यावरून टकटक करत उतरले.

दाजी उभेच होते. अक्का त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही, विनवणीनंही नाही. गॅसबद्दल विचारलं होतं ना, तशीच.

"तुमी जाताय ना?" ती म्हणाली.

दाजी गेले.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता, विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि बादलीच्या कडीनं तळहाताला फोड आले होते. हातात डबा होता, या वेळी न उघडलेला. कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. मी वाट पाहत होते की आता हा माणूस म्हणेल, देवानं मला शक्ती दिली. ते म्हणाले, "गव्हाला वास लई येतो गं."

"येतोच," अक्का म्हणाली.

"हा वास रोज घ्यायचीस तू?"

दाजींनी डबा उघडला, भात कालवला आणि तिला भरवू लागले. घास मोठे करत होते, ती म्हणाली, "बारीक करा." ते बारीक करू लागले.

पुढच्या दोन दिवसांत संगीताबाईंनी त्यांच्याकडून तो चीक शिजवून घेतला. मी पाहायला गेले होते, खोटं कशाला सांगू, मजा पाहायलाच गेले होते. दाजींच्या कुरडया म्हणजे कुणी रागानं फेकलेल्या दोऱ्याच्या गुंडाळ्या दिसत होत्या. चीक खाली लागला होता, त्यांचे दंड भरून आले होते, आणि पाखरं आली तेव्हा त्यांनी अशी काही शिवी हासडली की संगीताबाईंनी "प्रेज द लॉर्ड!" म्हणून आरोळी ठोकली. मी भिंतीला टेकून पोट धरून हसले. त्या हसण्यात दया नव्हती. अजूनही नाही.

गोष्टीत असतं तसं इथं दाजींचं हृदयपरिवर्तन झालं असं मी लिहिणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास त्यांना बिडकीनला एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपरची नोकरी लागली. जागा रिकामी आहे हे संगीताबाईंच्या नवऱ्याला टेम्पो लावताना कळलं होतं. त्यांनी येऊन सांगितलं, आपल्या टेम्पोत बसवून दाजींना नेलं, मालकाशी बोलून दिलं. पहिला पगार झाला आणि दाजी जुन्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले: देवानं मला काम पुरवलं. टेम्पोचा उल्लेख नाही. मी घरी येऊन संगीताबाईंना फोन केला आणि तडतडले. त्या म्हणाल्या, "असू द्या हो बाई. नोकरी लागली ना? आता नाव कुणाचं का घेईना. टेम्पोचं नाव घेतलं असतं तर टेम्पोला काय टॉनिक मिळणार होतं?" त्यांचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही आणि मला ते तेवढं करायचंही नाही. पास्टरची शेड त्याच पावसाळ्यात बंद झाली. आता तो दुसऱ्या कुठल्या गावात, कुणा आजाऱ्याच्या डब्यावर विश्वास ठेवून सुखात असेल.

अक्काचा हात बराचसा सुधारला. मूठ पूर्ण वळत नाही. कुरडया तिनं पुन्हा केल्या नाहीत.

परवाच्या शनिवारी मी पडेगावला गेले होते. दाजी कामावर गेले होते. मी नेलेली डाळ अक्कानं डब्यात ओतली, संध्याकाळसाठी मेथी निवडली, आम्ही दोघी जेवायला बसलो. तिनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. ती आता तोंडातल्या तोंडात करते, आणि लांबवते. ज्वारीची भाकरी गार होत होती. वांग्याच्या भाजीवर तेलाची साय धरत होती. मी उजव्या हातानं माशा वारत होते आणि मनात म्हणत होते, काय एवढं मागायचं राहिलंय या बाईचं? इतकं सगळं होऊनही ही कुणापुढं हात जोडते?

तिनं डोळे उघडल्यावर मी विचारलंच. "अक्का, खरं सांग. तू अजून मानतीस, तो पुरवतो म्हणून?"

"व्हय."

"त्या उन्हाळ्यानंतरही?"

"त्या उन्हाळ्यात बी पुरवलंच की त्यानं. पाणी आलं, रिक्षा आली. तू आलीस."

"मी माझ्या पायांनी आले होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मला कुणी धाडलं नव्हतं. दाजींचा इतका संताप यायचा ना मला, की घरी बसवायचं नाही. त्यांना तोंडावर बोलता येत नव्हतं म्हणून डाळ-तांदूळ आणून आपटायचे. संतापानं यायचे मी, अक्का. प्रेमानं पण नाही. देव कुठून आला त्यात?"

अक्का हसली. झटक्यानंतर तिचं हसू एका बाजूला जास्त जातं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर बाकी सगळ्यांसाठी मागते, मनोहरला सुबुद्धी दे, पोरीला सुखी ठेव. पण सुमनचा राग कमी कर, असं कधीच मागितलं नाय मी. म्हटलं, राहू दे देवा, तेवढा एक राग राहू दे. हिला बसवत नाय म्हणून तर दर शनिवारी येती."

अक्कानं आपल्या अर्धवट वळणाऱ्या मुठीनं भाकरीचा तुकडा मोडायला घेतला, तो नीट मोडेना.

मी तिच्या हातातली भाकरी घेतली, चार तुकडे केले आणि तिच्या ताटात ठेवले. "जेव आता," मी म्हणाले, "सगळं गार करून ठेवलंस."